किलिमांजारो थांबेल, आधी चौरागड चढा

"मी ४६ वर्षांची, मनीषनगरला राहते, बँकेत नोकरी करते. मुलगा पुण्याला नोकरीला लागला. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं एका टूरबरोबर युरोपला गेलो होतो, बारा दिवसांत सात देश. स्वित्झर्लंडमध्ये बस एका वळणावर फोटोसाठी थांबली. तिथे पाठीवर पिशवी घेतलेली एक साठीची बाई पिवळ्या पाटीकडे बघून एकटीच उतारावरून चालत निघून गेली. ती मनातून जातच नाही. मला पंचावन्नच्या आत प्रत्येक खंडात एक तरी वाट पायी चालायची आहे, एकटीने, टूरशिवाय. येत्या डिसेंबरात किलिमांजारो, मग माचू पिचू, मग न्यूझीलंड असा विचार आहे. साडेचार लाखांची एफडी आहे. ह्यांच्या गुडघ्यांचा त्रास, ते येणार नाहीत. सासूबाई म्हणतात, 'बाईमाणसानं एकटीनं काऊन जायचं?' आणि मलाही धाकधूक आहेच. सपाट नागपुरात, असल्या उन्हात वाढलेल्या शरीराला डोंगर झेपेल का? सुरुवात कुठून करू?"
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

नमस्कार ताई,

पत्र येऊन आठ दिवस झाले. त्यातली ती पिवळी पाटी माझ्याही डोक्यातून जाईना, कारण त्या पाट्यांखाली मी बराच वेळ उभी राहिले आहे. स्वित्झर्लंडच्या पायवाटांवर पाटीवर गावाचं नाव असतं आणि पुढे अंतराऐवजी वेळ लिहिलेला असतो : अमुक गाव, १ तास ४० मिनिटं. सोप्या वाटेची खूण नुसती पिवळी. डोंगरातली वाट असेल तर पांढरा-लाल-पांढरा पट्टा. खडक आणि बर्फाची, अनुभवी माणसाचीच वाट असेल तर पांढरा-निळा-पांढरा. ती बाई धीट असेलच, पण ती अशा वाटेवर होती जी चालणाऱ्याला दर वळणावर विचारते, 'बाई, इथून पुढे तुला झेपेल ना?' प्रत्येक खंडातली वाट असं विचारत नाही. कुठली वाट तुमच्यासाठी किती करते आणि किती तुमच्यावर सोडते, त्यावरून खंडांचा क्रम लावायचा. नावाच्या मोठेपणावरून लावाल तर पहिल्याच वाटेवर मन विटेल.

म्हणून आधी स्पष्ट सांगते, सुरुवात किलिमांजारोने करू नका.

तुम्हाला जे हवंय ते तिथे मिळणारच नाही. तुम्ही लिहिलंय, एकटीने, टूरशिवाय. किलिमांजारोवर परवानाधारक गाइडशिवाय जाताच येत नाही, टांझानियाचा तसा नियम आहे. गाइड, स्वयंपाकी, सामान वाहणारे असे चार-पाच जण तरी एका माणसामागे असतात. कधी उठायचं, कुठे थांबायचं, काय खायचं, सगळं दुसरं कुणी ठरवतं. त्या डोंगराला मी कमी लेखत नाही, त्या माणसांच्या कष्टांना तर मुळीच नाही. पण स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायला शिकायचं असेल तर ती शाळा ती नव्हे. शिवाय उंची. शिखर ५८९५ मीटरवर आणि आपलं नागपूर ३१० मीटरच्या आसपास. वर हवा इतकी विरळ की एका श्वासात इथल्या निम्माच प्राणवायू मिळतो. स्वस्तात पाच दिवसांचा कार्यक्रम विकणारे पुष्कळ भेटतील. पाच दिवसांत तिथवर जायचं म्हणजे शरीराला सवय व्हायला वेळच द्यायचा नाही. जाल तेव्हा सात-आठ दिवसांचाच बेत घ्या. हमालाने २० किलोंच्या वर ओझं उचलू नये असा तिथे नियम आहे, तो पाळता का, हे पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर देताना जो अडखळतो त्याच्याबरोबर जाऊ नका.

पेरूतल्या माचू पिचूच्या इंका ट्रेलचंही तसंच. दिवसाला ५०० जणांनाच परवाना, त्यात गाइड आणि हमालही मोजलेले, फेब्रुवारीत वाट बंद, आणि गाइडशिवाय प्रवेश नाही. जिथून निघायचं ते कुस्को शहरच ३४०० मीटरवर आहे. हेही पुढे कधी.

आता तुमच्या शरीराचा प्रश्न. सपाटीची अडचण खरी आहे, उन्हाची नाही. मे महिन्यात ४५ अंशांत लग्नं लावणारी माणसं आपण. पहाटे कामं उरकायची, डोक्याला दुपट्टा बांधायचा, तहान लागण्याआधी पाणी प्यायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. स्पेनमध्ये जुलैच्या दुपारी ३८ अंशांत उत्तर युरोपातली तरणीताठी मुलं रस्त्याच्या कडेला बसून जातात, तेव्हा ही सवय उपयोगी पडते. आपल्याला कळत नाही ती थंडी. आपल्या मनात थंडी म्हणजे बर्फ. पण डोंगरात माणूस आठ-दहा अंशांत, भिजलेल्या कपड्यांत, वाऱ्यावर गारठतो, आणि गारठलेल्याची बुद्धी आधी मंदावते. त्याला वाटतं आपण ठीक आहोत. आपण प्रेमाने सुती कपडे नेतो, आणि सुती कपडा एकदा भिजला की दिवसभर अंगाला चिकटून ऊब ओढत राहतो. डोंगरात अंगालगत लोकरीचे किंवा लवकर वाळणारे कपडे हवेत, वरून वारा-पाऊस अडवणारं जाकीट. या एका जाकिटावर पैसे वाचवू नका, बाकी सगळीकडे वाचवा.

सपाटीवर उपाय आहे. अंबाझरीच्या काठाने रोज तासभर फिरणं छान, पण त्याने चढ येत नाही. तुमच्या इमारतीला जिना असेलच. पाठपिशवीत दोन-दोन लिटरच्या तीन बाटल्या भरा आणि चढा. वर पोहोचलात की पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना घाला आणि रिकाम्या बाटल्या घेऊन उतरा. चढताना ओझं छाती आणि मांड्या घडवतं, उतरताना तेच ओझं गुडघे खातं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि डाव्या गुडघ्याने त्याची किंमत दिली. रामटेकला गेलात तर गाडी वर नेऊ नका, अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्यांनी जा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शनिवारी पंधरा किलोमीटर चालल्यावर रविवारी सकाळी उठून पुन्हा पंधरा चाला. एक दिवस कुणीही चालतं. लांब वाटेची परीक्षा दुसऱ्या सकाळी असते, जेव्हा पोटऱ्या दगड झालेल्या असतात आणि बूट घालावासा वाटत नाही.

बूट संध्याकाळी विकत घ्या, पाय दिवसभराने फुगलेला असतो तेव्हा. अंगठ्यापुढे बोटाची रुंदी मोकळी हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडून गळतात. पायाला कुठे गरम-गरम लागलं की 'अजून अर्धा तास' म्हणू नका. तिथेच थांबा, मोजा काढा, पट्टी लावा. फोड आल्यावरच्या दहा उपायांपेक्षा त्या पाच मिनिटांची किंमत जास्त.

आणि पहिली वाट? ती आपल्या दाराशीच आहे. परवाच आषाढी झाली, आता श्रावण येईल. नागपंचमीच्या आसपास पचमढीला नागद्वारची यात्रा भरते. तो भाग सातपुडा व्याघ्रप्रकल्पात येतो, एरवी वाट बंद, यात्रेपुरते थोडे दिवस उघडते. छिंदवाड्यामार्गे विदर्भातून गाड्या भरभरून जातात. पावसात, चिखलात, दगडांवरून दिवसभराची डोंगरचाल असते. वाटेत आपल्याकडची मंडळं भंडारे लावतात, आणि धुक्यातून 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' असा पुकारा येत राहतो. गर्दी नको असेल तर पाऊस सरल्यावर जा. चौरागड चढा, तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दुसऱ्या दिवशी धूपगड, १३५२ मीटर, सातपुड्याचं सर्वांत उंच टोक. दोन दिवस लागोपाठ, स्वतःचं ओझं स्वतःच्या पाठीवर. राहायची खोली तुम्हीच शोधा, एसटीचं वेळापत्रक तुम्हीच बघा, कुणाला गाडीने सोडायला सांगू नका. स्वतंत्र प्रवासातली निम्मी कामं हीच आहेत आणि ती जगभर सारखीच आहेत.

त्यानंतर नेपाळ. उंची म्हणजे काय, हे घराच्या जवळ आणि कमी खर्चात शिकायचं ठिकाण ते. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र न्या. आधार कार्ड तुमच्या वयाला चालत नाही, सीमेवर आणि विमानतळावर यावरून माणसं अडकलेली मी पाहिली आहेत. नागपूरहून राप्तीसागरने गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, पुढे बसने पोखरा. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, हा दर ठरलेला आहे. २०२३ च्या एप्रिलपासून परदेशी ट्रेकरांनी परवानाधारक गाइड घ्यावा असा नेपाळचा नियम आहे, आणि पहिल्या वेळी तुम्ही तो आनंदाने पाळावा असं मला वाटतं. का, ते सांगते.

मी ५१ वर्षांची होते. अन्नपूर्णा बेस कॅम्पची वाट. सकाळी देउरालीहून निघाले, साधारण ३२०० मीटर. जेवणाच्या वेळी माछापुच्छ्रे बेस कॅम्पला पोहोचले, ३७०० मीटर. त्याच दिवशी ४१३० मीटरवर मुक्कामाला जायचं असा माझा हट्ट. समोर ताट आलं : भात, काळी डाळ, पालेभाजी, मुळ्याचं लोणचं, पापड. मी दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. कपाळाच्या मागे कुणीतरी बोट दाबून धरल्यासारखं होत होतं. विचारलं तर म्हणाले, काही नाही, थकले जरा. गाइड पोरगा तेवीस-चोवीस वर्षांचा. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, ताटाकडे बघितलं. 'दीदी, खाना छूट गया, मतलब हाइट पकड लिया,' एवढंच म्हणाला आणि माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन उतरायला लागला. मी वाटेत दोनदा ओकले. देउरालीला संध्याकाळी डोकं उतरलं आणि रात्री मी तेच दाल-भात दोनदा मागून घेतलं. एक दिवस तिथेच काढला. मग पुन्हा चढले, माछापुच्छ्रेला मुक्काम केला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बेस कॅम्पला उभी होते. दोन दिवस उशिरा.

त्या ताटाने मला जे शिकवलं ते पुस्तकात असं लिहिलेलं असतं : ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. डोकं दुखणं, भूक मरणं, मळमळ ही पहिली लक्षणं. ती असताना आणखी वर चढायचं नाही, वाढली तर लगेच उतरायचं, रात्र असली तरी. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर ते जिवावरचं आहे. ॲसेटाझोलामाइड नावाची गोळी असते, ती डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. जाण्यापूर्वी रक्तदाब, ईसीजी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी निघणं नवीन नाही, आणि विरळ हवेत ते फार महागात पडतं.

नेपाळनंतर तुमची पहिली खरी एकटीची वाट म्हणून मी डोळे मिटून स्पेनचा कामीनो सांगेन. सांतियागो दे कोंपोस्तेला या गावाकडे जाणारी ही शेकडो वर्षांची तीर्थयात्रेची वाट. फ्रान्समधल्या सेंट जाँ पासून धरली तर जवळपास ७८० किलोमीटर. आकडा ऐकून घाबरू नका. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते ती वाटही सातशे किलोमीटरच्या पुढेच आहे, आणि पंढरीच्या वारीत तुमच्या-माझ्या वयाच्या बायका, साध्या चपलांवर, दरवर्षी चालतात. शेगावच्या पालखीत 'गण गण गणात बोते', कामीनोवर येता-जाता 'बुएन कामीनो', म्हणजे वाट सुखाची होवो. मला त्या वाटेवर परकं वाटलंच नाही.

ती वाट चालणाऱ्यासाठी फार करते. दर थोड्या अंतरावर पिवळा बाण असतो, झाडावर, भिंतीवर, दगडावर. ओ सेब्रेरो गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी १९८० च्या दशकात गाडीत पिवळा रंग घालून हे बाण काढायला सुरुवात केली. त्याआधी ही वाट जवळजवळ विसरलेली होती. एका माणसाच्या ब्रशने आज लाखो लोक चालतात. मुक्कामाला अल्बेर्गे, म्हणजे आपल्या भक्तनिवासासारखी सोय. खाटांवर खाटा, रात्री दहाला दिवे बंद, एका अल्बेर्गेत बहुधा एकच रात्र. एक घडीपुस्तक मिळतं, त्यावर दर मुक्कामी शिक्का घ्यायचा. शेवटचे १०० किलोमीटर पायी चालल्याचे शिक्के असले, या टप्प्यात दिवसाला दोन, तर सांतियागोला प्रमाणपत्र देतात. म्हणून बहुतेक लोक सार्रियाहून ११५ किलोमीटर चालतात आणि त्या टप्प्यात जत्रा असते. तुम्ही पोनफेर्रादाहून निघा. दोनशे किलोमीटर, दहा-अकरा दिवस, मधे ओ सेब्रेरोचा छान दमवणारा चढ. मे किंवा सप्टेंबर. फ्रान्सकडून निघायचं कधी ठरलंच तर लक्षात ठेवा, पिरिनीज डोंगरावरची वरची वाट १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते.

तिथे पहिल्या वेळी मी अकरा किलो ओझं नेलं होतं. लाडू, चिवडा, दोन जादा साड्या, एक जाड पुस्तक. तिसऱ्या दिवशी एका अल्बेर्गेच्या ओट्यावर सगळं काढून मांडलं आणि जे तीन दिवसांत हातात घेतलं नाही ते तिथेच देऊन टाकलं. शेंगदाण्याची चटणी तेवढी ठेवली. ताई, शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर पाठीवर घेऊ नका. तुम्ही साठ किलोंच्या असाल तर सहा किलो. जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणूस स्पेनमध्ये उपाशी राहत नाही, पण 'मांस नाही' म्हटल्यावर सॅलडवर मासा घालून आणतात. म्हणून 'मांस नाही, मासा नाही' असं स्पॅनिशमध्ये कागदावर लिहून ठेवा. बटाट्याची तोर्तिया सगळीकडे मिळते, ती अंड्यातली असते.

स्पेनला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. दोन महिने हाताशी ठेवा, बोटांचे ठसे द्यायला मुंबईची एक खेप धरा. विमा घेताना बारीक अक्षरं वाचा. डोंगराच्या वाटांसाठी बऱ्याच पॉलिसींमध्ये उंचीची मर्यादा असते, आणि हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च त्यात आहे की नाही हे आधी कळलेलं बरं.

न्यूझीलंड त्याच्यानंतर. तिथल्या वाटा देखण्या आहेत, आखीव आहेत, आणि तरीही तिथे माणूस खरोखर एकटा असतो. मिलफर्ड ट्रॅक ५३.५ किलोमीटर, चार दिवस, आणि स्वतंत्रपणे चालणाऱ्या फक्त ४० जणांना रोज सोडतात. बुकिंग उघडलं की जागा बघता बघता संपतात. मुक्कामाच्या झोपडीत गादी आणि चूल मिळते, जेवण आपलं आपण. ऑकलंडच्या विमानतळावर मला अर्जात 'डोंगरात वापरलेले बूट' लिहावं लागलं. अधिकारी बाईंनी बूट उलटे केले. तळव्याच्या खाचांत आपल्या गोरेवाड्याची काळी माती वाळून बसलेली. त्यांनी काही न बोलता बूट आत नेले, धुऊन, पुसून, पिशवीत घालून परत आणले. बाहेरच्या मातीतून एक बी, एक बुरशी येऊन त्यांचं जंगल बिघडू नये म्हणून ही दक्षता. मला ते इतकं आवडलं की तेव्हापासून प्रत्येक प्रवासाआधी मी बूट घासूनच निघते. खाण्याचं सगळं, अगदी मेतकुटाची पुडीसुद्धा, अर्जात लिहा. लिहिलेलं फार तर काढून घेतात, न लिहिलेलं सापडलं तर ४०० डॉलर दंड.

तिथे मोबाइलला रेंज नसते, म्हणून संकटाचा संदेश पाठवणारं छोटं बीकन भाड्याने मिळतं. ते तिथेच घ्या, तिथेच परत करा. उपग्रहावरून बोलणारं किंवा संदेश पाठवणारं यंत्र भारतात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. असलं उपकरण सामानात सापडल्यामुळे आपल्या विमानतळांवर गिर्यारोहकांवर कारवाई झालेली आहे.

आफ्रिकेत मी तुम्हाला एकटीने पाठवणार नाही. केप टाउनचा टेबल माउंटन शहराच्या मधोमध उभा आहे, दिसायला सोपा, पण तिथल्या काही वाटांवर लुटालूट होते आणि चारेक जणांनी मिळून जावं असं तिथलीच माणसं सांगतात. ऐका त्यांचं. मात्र दक्षिण आफ्रिकेतली ड्रॅकन्सबर्गची डोंगररांग बघा, आणि बघताना आपल्या कामठीची आठवण ठेवा. मी अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. दक्षिणेकडचे सगळे खंड एकेकाळी एकत्र होते. त्या महाखंडाला गोंडवन हे नाव पडलं ते आपल्या या गोंडांच्या प्रदेशावरून. कामठीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे मिळतात. तसेच ठसे आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकात मिळतात. १९१२ साली रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात मेले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड होते. अंगात त्राण नसतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसचं पान होतं. ड्रॅकन्सबर्गच्या माथ्यावर काळ्या बेसॉल्टवर हात ठेवला तेव्हा मला आपली सीताबर्डीची टेकडी आठवली. तिथला खडक १८ कोटी वर्षांचा, आपला साडेसहा कोटींचा, पण दोन्ही पृथ्वीच्या पोटातून तसेच वाहत आलेले. तुम्ही खंडोखंडी जायचं म्हणता, त्यातले कितीतरी एकेकाळी आपल्याच शेजारी होते.

आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांतून परत येताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी ती घ्या, शासनमान्य केंद्रावरच मिळते. एकदा घेतली की जन्मभर चालते.

पैशांचं थोडक्यात. साडेचार लाखांत नेपाळ आणि कामीनो दोन्ही होतात आणि उरतातही. तेच किलिमांजारोवर आणि त्याच्या विमानावर घातले तर एफडीचा मोठा भाग एका आठवड्यात जाईल. एफडी मोडू नका, मुदतीपर्यंत चालायला शिका.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. एकटीच्या प्रवासात भीती दिवसा वाटत नाही. चालताना वेळच नसतो. ती संध्याकाळी साडेपाच-सहाला येते, कपडे धुऊन झाले, पाय चोळून झाले, जेवायला अजून वेळ आहे आणि आजूबाजूला कुणी आपल्या भाषेत बोलत नाही, तेव्हा. मला पहिल्या चार संध्याकाळी परतीचं तिकीट बघावंसं वाटलं. पाचव्या संध्याकाळी नाही वाटलं. त्या वेळेसाठी काम ठेवा : वही लिहा, उद्याची वाट नकाशावर बोटाने चालून बघा, स्वयंपाकघरात जाऊन कुणालातरी भाजी चिरू लागा. घरी फोन त्या तासात करू नका. तुमचा आवाज ऐकून ते घाबरतील आणि त्यांचा ऐकून तुम्ही परत फिराल. जेवण झाल्यावर करा.

यजमानांसाठी फ्रिजवर एक कागद लावा. कुठल्या रात्री कुठे मुक्काम, तिथला नंबर, विम्याचा नंबर, युरोपात मदतीसाठी ११२. आणि खाली ठळक लिहा, एक दिवस फोन आला नाही तर रेंज नाही, दोन दिवस आला नाही तर या नंबरवर विचारा. काळजी जात नाही, पण तिला काहीतरी काम मिळतं. त्यांना विमानाचं, मुक्कामाचं बुकिंग करायला द्या. गुडघे दुखतात, डोळे आणि डोकं शाबूत आहे. कामीनोच्या शेवटच्या गावी ते आगगाडीने येऊन तुम्हाला भेटू शकतात. सांतियागोच्या चौकात अशी वाट बघत बसलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना विचारा, त्यांच्या आई-आजीपैकी महादेवाला कोण कोण गेलं होतं. माझी आजी काटोलकडची. महाशिवरात्रीला गावाबरोबर चालत निघायची, चौरागडावर वाहायचा त्रिशूळ आलटून पालटून सगळ्यांच्या खांद्यावर, कमरेला भाकरीचं गाठोडं. कितीतरी दिवस पायी जाणं, रात्री कुणाच्यातरी खळ्यात झोपणं. घरच्या पुरुषांपैकी दरवेळी कुणी सोबत असायचंच असं नाही. आजी लिहायला शिकली नव्हती, पण वाटेतला प्रत्येक ओढा तिला नावाने माहीत होता. बाईमाणसानं काऊन जायचं, याचं उत्तर तुमच्या सासूबाईंच्याच घरात कुणीतरी आधी दिलेलं असेल. शोधा तर खरं.

आणि शक्य असेल तर या श्रावणात त्यांना पचमढीला बरोबर न्या. त्या खाली राहतील, भंडाऱ्यात पुऱ्या लाटू लागतील, तुम्ही वर जाऊन या. उतरून आलात की गुडघे कसे आहेत, दुसऱ्या सकाळी जिना उतरताना काय झालं, ते मला सविस्तर लिहा. गोरखपूरचं तिकीट कधीचं काढायचं ते त्यावरून ठरवू.